कोळी पडलाय

गच्चीवर मासळीचे थर्माकोलचे बावीस खोके,
प्रत्येकात दोन मिरच्या.
ऐरोलीच्या खाडीकडून वारा सुटला
की सगळी रोपं एकदम माना हलवायची.
चांगुणा म्हणायची, तुमच्यापरीस बरी ऐकतात.

मार्गशीर्षात शेंडे आखडले.
फूल धरायचं आणि सकाळी खाली पडलेलं असायचं,
देठासकट, झाडलोटीला.

मी एक फांदी पिशवीत घालून
रबाळ्याच्या दुकानात गेलो.
पोरगा मोबाइलवरून मान न काढता म्हणाला,
पानं वर वळलीत का खाली?
वर असतील तर फुलकिडे.
खाली, म्हटलं.
डांबर लावायला पालथ्या घातलेल्या
होड्या असतात बघ, तशी.
मग कोळी पडलाय, काका.
बाटली काढली, बिल फाडायला घेतलं,
नाव?
हरेश्वर धाकू कोळी.
पोराने पेन थांबवलं.
हसला नाही, शहाणा होता.
मीच हसलो.

बाटली ओळखीची होती.
सव्वीस वर्षं हिचीच बुचं आवळली,
याच रस्त्यावर, आता गोदाम आहे तिथे.
त्याच्याआधी तिथे आमचं खाचर होतं,
बांधावर आत्या मिरच्या लावायची,
पहाटे दवात चुलीची राख उधळायची,
एवढंच तिचं औषध.
जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली.
कंपनी गुजरातेत गेली.
वास माझ्याबरोबर घरी आला तो राहिला:
माझे शर्ट चांगुणा वेगळ्या बादलीत भिजवायची,
पोरांच्या कपड्यांत कधी घातले नाहीत.
बोलली नाही कधी. बादली मात्र लाल होती,
आणि तिला कुणी हात लावायचा नाही.

तर बाटली तिने जिन्यावरच अडवली.
वर नाही न्यायची.
मग खाणार काय कोळी?
खाऊ दे त्याला. आपण पुसू.

आणि बसली पाट घेऊन,
कोळंबी सोलते त्याच बोटांनी
एकेक पान उलटं करत,
साबणाच्या पाण्याचं फडकं,
चव्वेचाळीस झाडं.
मला म्हणाली, बघत काय राहिलात.

मी घड्याळ दुरुस्त करणाऱ्या म्हात्र्याचं भिंग आणलं.
आधी नुसतं हिरवं. मग शिरा, रस्त्यांसारख्या.
मग एका शिरेच्या कडेला
काचेचा ठिपका, चालणारा.
त्याच्या पाठीवर आणखी एक.
नर होता तो. मादीला उचलून
कोवळ्या शेंड्याकडे निघालेला,
घर बदलायला.
चांगुणाला दाखवलं. एक डोळा मिटून
बराच वेळ बघत राहिली.
बरा आहे की, म्हणाली.
आणि फडकं फिरवलं.

नऊ झाडं उपटली, जाळली.
बाकीची तशीच आहेत, थोडी आखडलेली,
दर तिसऱ्या सकाळी पुसायची.
मिरच्या येतात त्या वाकड्या, बोटाच्या पेराएवढ्या,
पण बोंबलाच्या कालवणात दोन पडल्या
की सून पाणी मागते.
भिंग म्हात्र्याने परत मागितलेलं नाही.

बाटली जिन्याखाली आहे, पाण्याच्या मोटारीमागे.
काल दिवा गेला म्हणून फ्यूज बघायला वाकलो
तर हाताला लागली.
बूच फिरवून पाहिलं, सवयीने.
हललं नाही.
चांगलं आवळलंय कुणीतरी.
मग खाली येऊन हात धुतले,
तीनदा,
लाल बादलीत.