दम

मारिन्या ग्रांदच्या काचभट्टीत
एकसष्टीचा अदेलिनु
आता मोठे बुधले फुंकत नाही.
जिना चढतानाच दम लागतो.

तिशीत एका फुंकरीत
हंड्याएवढे फुगवायचा,
निम्मे तडकायचे.
मुकादम दम द्यायचा, हा हसायचा.

आता नळीच्या टोकाशी
लिंबाएवढा लाल गोळा.
जरासं फुंकतो. थांबतो.
काचेला काय हवंय
ते ओठांना कळेपर्यंत
दम खातो.

काल नातीच्या वयाच्या झुल्मिरानं विचारलं,
"माझीच का तडकते?"
त्यानं तिची नळी हातात घेतली नाही.
शेजारी उभा राहिला नुसता,
घाम पुसत.

आज फळीवर तिची पहिली कुपी,
मानेत वाकडी, पण अख्खी.
मोजून पैसे ठेवतो,
खिशात घालतो,
आणि घरी निघतो
चढाच्या वाटेनं.