मिनिटाला एकोणीस

कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं गायगर यंत्र
सेल बदलायच्या निमित्ताने शनिवारी घरी आणलं,
रजिस्टरवर सही करून: व्ही. एस. कोंगारी, सहायक.
पण पूर्व भागात माग चालू असताना
त्याचा आवाज कोणाला ऐकू येणार?
खटक-खटक, टॉवेलवर टॉवेल,
शेजारच्या शेडपायी आम्ही भिंतीसकट हलतो इथे.

रविवारी दुपारी वीज गेली.
माग थांबले.
टिक.
मग बराच वेळ काहीच नाही.
टिक टिक.
अम्मा सुपावरून मान वर करून म्हणाली,
कोण आलंय?

कोणी नाही. हे असतंच, म्हटलं.
कुठल्या तरी फुटलेल्या ताऱ्याचं
पत्र्यातून आरपार येतं,
खालून जमिनीतून येतं,
केळ्यातून, शेंगांच्या चटणीतून,
तुझ्या-माझ्या हाडांतून.
मिनिटाला एकोणीस. कधी बावीस, कधी चौदा.
आणि हे मोजायचे तुला पैसे देतात? अम्मा म्हणाली.

मागची काळ्या दगडाची भिंत सोळा.
आपला दगड मुळात अबोल.
ओट्यावरचा तांबडा ग्रॅनाइट, इलकलकडचा, एकतीस,
त्यावर भाकरी थापतो आपण रोज.
कन्ना चौकापर्यंत गेलो उन्हात,
'व्यंकटेश रेडियम'च्या दारात उभा राहिलो.
भिंतभर रेडियम: नंबरप्लेटी, वाघाचे डोळे, आईचा आशीर्वाद,
आणि रेडियम औषधालाही नाही.
अठरा.

अम्माच्या सुपातली तंबाखू वीस.
तिच्यात पोलोनियम असतं थोडं,
या यंत्राच्या काचेला ते कळत नाही.
अम्माच्या बोटांना कळतं का, विचारलं नाही.
सांगितलंही नाही.
सोमवारी हजार विड्या द्यायच्या होत्या.

मग माळ्यावरचा बिस्किटांचा डबा काढला.
गिरणी बंद पडल्यावर नान्ना
वरातीत गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालायचा,
दुसऱ्यांच्या नवरदेवांना उजेड देत.
त्याची उरलेली मॅन्टलं,
पिवळ्या पडलेल्या कागदात, जाळीच्या पिशव्या.
यंत्र जवळ नेलं मात्र,
ते बोलायलाच लागलं,
थांबेना,
जणू घरातच कोणी माग सुरू केला.

थोरियम आहे, म्हटलं,
उजेड पांढरा पडावा म्हणून घालायचे.
निम्मं व्हायला चौदाशे कोटी वर्षं लागतात.
नान्ना बावन्नाव्या वर्षी गेला, छातीतल्या कापसाने.
याने नव्हे.
हे मी दोनदा सांगितलं.

अम्माचं लक्ष नव्हतं.
तिने सूप बाजूला ठेवलं होतं, जे ती जेवतानाही ठेवत नाही.
बऱ्याच वेळाने म्हणाली,
बंद कर ते.
रात्रभर चालून आलाय तो. झोपू दे.

साडेतीनला वीज आली.
डबा वर ठेवू का, विचारलं.
राहू दे, म्हणाली, आणि जुडीला दोरा गुंडाळला.

सोमवारी यंत्र परत केलं.
शेरा: सेल बदलले. यंत्र ठीक.