रंगांची फाईल

रात्री अकरानंतर ऑफिसात मी आणि एसीचा आवाज.
खिडकीतून मुंबई नाक्याचा सिग्नल दिसतो.
वरचा दिवा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की निघायचं.
जागा पाठ आहेत. रंग नाही.

एडिटर सांगतो: ही ओळ चुकली, बघ, लाल केली.
ही अवतरणातली अक्षरं, ही हिरवी.
मला दोन्ही सारखीच,
शेवाळ आणि गंज यांच्या मधलं काहीतरी,
भिजून वाळलेल्या पोत्यासारखं.
काल एक चूक तीन तास माझ्यासमोर
लालभडक बसून होती म्हणे.

सहावीत होतो. पिंपळगावच्या मार्केटात
दत्तूमामानं क्रेटांपुढं बसवलं:
"कच्चा डाव्या हाताला, पिकलेला उजव्या. एवढं जमंल ना?"
मी एकेक टमाटा अंगठ्यानं दाबून बघत होतो.
व्यापाऱ्यानं माल उलटा केला आणि हसला.
"डोळे हायेत का बटणं?" मामा म्हणाला,
आणि मग आईनं वीस क्रेट पुन्हा निवडले,
उन्हात, काही न बोलता.
मार चालला असता.

पुढं ठिपक्यांच्या पुस्तकात
सगळ्यांना चौऱ्याहत्तर दिसले, मला एकवीस.
मी ठामपणे एकवीस म्हणालो.
अजूनही मिसळीचा रस्सा मला ठसक्यावरून कळतो.

आज सेटिंग्जची फाईल उघडली.
इथं रंगाला नाव लागत नाही,
सहा खुणांचा एक आकडा लागतो. हे बरं आहे.
अबोली कुठली, डाळिंबी कुठली, आमसुली कशाला म्हणतात,
कुणी परीक्षा घेत नाही.

जर, नाहीतर, तोवर, परत फिर:
ज्या शब्दांवर सगळं चालतं
त्यांना निळा दिला, पाण्याच्या ड्रमचा,
उन्हानं अजून न विटलेला.
आकड्यांना त्याहून फिका, पहाटेच्या धुक्यातला.
अवतरणातल्या अक्षरांना ज्वारीच्या भाकरीचा.
कंस तसेच राहू दिले; कंस कुणाला छळत नाहीत,
एखादा मिटायचा राहिला तरच.

चुकीसाठी मात्र वेळ घेतला.
मामाच्या शेतात काठ्यांना चिकट सापळे असायचे,
निळ्यावर फुलकिडे यायचे, पिवळ्यावर पांढरी माशी.
तो पिवळा मला लांबूनही दिसायचा,
बांधावरून, डोळे बारीक न करता.
तोच लावला. खाली नागमोडी रेघ.
येऊन बसा म्हटलं.

उरल्या टिपा.
एडिटर त्यांना राखाडी करतो, जवळजवळ पुसून टाकतो,
कारण मशीन त्या वाचत नाही.
तेवढाच भाग माणसानं माणसासाठी लिहिलेला.
ओळ चारशे बारावर फाल्गुनी अहिरराव लिहून गेली आहे:
'इथे हात लावू नका. का चालतंय मलाही कळलेलं नाही.'
तिला नोकरी सोडून चार वर्षं झाली.
टिपांना मी सगळ्यांत उजळ पांढरा दिला.

फाईलला नाव मागितलं. 'उजवा हात' असं टाकलं.

सकाळी यशोधन खैरनार खुर्चीमागं थांबला,
नवा पोरगा, ओझरहून बसनं येतो.
"दादा, हे काय लग्नातल्या मांडवासारखं केलंय?"
सगळे हसले, मीही.

गुरुवारी सगळे चहाला गेले तेव्हा तो मागं राहिला.
"ती रंगांची फाईल पाठवता का? सहज."
पाठवली. का, ते विचारलं नाही.

संध्याकाळी खाली गाड्यावर बोरं घेत होता.
गाडीवाला वैतागून मापटं धरून उभा,
आणि हा एकेक बोर उचलून
अंगठ्यानं दाबून बघत होता.