करडा चौकोन

नळेगाव रोडला, ताहेरभाईच्या मोबाइल दुकानात
स्टुलावर बसून मी भांडत होते
एका करड्या चौकोनाशी.
मधोमध कोड्याचा एक तुकडा,
खाली ओळ : प्लगइन चालत नाही.
आत माझं हृदय होतं.

माझं म्हणजे मी काढलेलं,
आठवीच्या विज्ञानासाठी, दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात,
लाइट असेल तेवढ्या वेळात.
चौसष्ट फ्रेम. दोन माउस त्यात गेले.
चार कप्पे, झडपा उघडायच्या, मिटायच्या,
बटण दाबलं की ठोका वाढायचा.
शाळेच्या एकुलत्या कॉम्प्युटरवर ते धडधडायचं
आणि मागची पोरं बाकावर उभी राहायची.

मग पोरांच्या घरी फोन आले.
कॉम्प्युटर नाही आले.

"फोननं हे चालवायलाच पाहिजे," मी म्हणाले,
"किती जणांचं काम आहे ह्याच्यात."
मल्लिनाथ सोल्डर धरून बसलेला,
वर न बघताच बोलला,
"मॅडम, त्यो पाव्हणा लई खातो.
दोन गाण्यांत बॅटरी उताणी.
फोनला घाम फोडतो, आन् जाताना
मागचं दार उघडं टाकून जातो."
"म्हणून पाव्हण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचं?"
"घरच्यालाच सैपाक शिकवायचा.
ब्राउझरच आता चित्र हलवाय शिकायलाय."
ताहेरभाई गल्ल्यावरून म्हणाले,
"कंपनी नक्को बोलती, गालियां हमना पडते."

मला कंपनीचाच राग होता.
कुठल्या तरी लांबच्या टेबलावर ठरतं
उदगीरच्या आठवीत काय धडधडायचं.
हे बोलून दाखवलं तर मल्लिनाथ म्हणतो,
"आन् तुमचं प्लगइन काय
देवणीच्या बाजारातून आणलं व्हतं?"
चहा आला म्हणून बरं झालं.

ताहेरभाईंनी ड्रॉवरमधून एक फोन काढला,
पिवळ्या पाठीचा, कुणी न नेलेला.
"इसमें चलतंय म्हणतेत."
फाइल टाकली. बराच वेळ काही नाही.
मग ते हललं,
फ्रेमा गाळत, अडखळत,
जिना चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखं.
फोन तापला. तव्यावरची भाकरी झेलावी तसा
ह्या हातातून त्या हातात करत
मी हसत होते.

रिचार्जला आलेली महानंदा बिरादार,
माझ्याच वर्गातली, म्हणाली, "बगू?"
तिनं तो घेतला, उलटा फिरवला,
पडदा बाहेर करून छातीवर धरला,
मान वाकवून बघितलं.
"मॅडम, लाल बाजू उजव्या हाताला यायली.
पुस्तकात तर लाल रगत डावीकडं हाय."

चित्रातलं डावं बघणाऱ्याच्या उजवीकडं असतं.
मला ठाऊक होतं.
रात्री दोनला, लाइट जायच्या आत, नसावं.
तीन वर्षं भिंतीला टेकलेल्या डब्यावर
वर्गामागून वर्गांनी ते पाहिलं,
डबा कुणी छातीशी धरला नाही.

दुरुस्त करायचं तर मूळ फाइल पाहिजे.
तिची हार्ड डिस्क लातूरला दुरुस्तीला गेली
ती गेलीच.
उरलेली ही चालते, नाही तर चालत नाही.
आत हात घालता येत नाही.
मल्लिनाथ "बगा, मी म्हणलो व्हतो" म्हणाला नाही.
त्यानं सोल्डर टेकवला, बारीक धूर निघाला.

"मी वहीत नीट काढते," महानंदा म्हणाली,
आणि मला ते नको होतं,
मला ते हललेलं हवं होतं,
चुकीचं का होईना,
हे मास्तरकीला शोभत नाही तरी लिहून ठेवते.

तेवढ्यात बॅटरी संपली.
फोन तिच्या छातीवरच होता.
"गरम हाय अजून," ती म्हणाली
आणि ताहेरभाईंना
बापाचा नंबर सांगायला लागली.