दोन नंबरची बाटली

शनिवारी मी मोकपोला येते, आईच्या पार्लरमध्ये,
केस झाडायला, रोल धुवायला.
एरवी शाळेत रसायनशास्त्र शिकवते,
हे तिच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे,
म्हणून त्या मला विचारतात
कॉलरचे डाग कशाने जातात.

आज खुर्चीत मालसुन मावशी.
बोटांना सुकवलेल्या माकुळांचा वास,
डोक्यावर पिवळे, गुलाबी रोल, घट्ट.
आई एक नंबरची बाटली ओतते.
डोळ्यांत अमोनिया चरचरतो.
"हे आत करतं काय गं नेमकं?"

केसात गंधकाचे अणू असतात, मावशी,
शेजारच्या दोऱ्यातल्या गंधकाचा हात धरून.
हात म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, दोघांत मिळून.
एकाच रजईत दोघं झोपतात ना, तसं:
हा आपल्याकडे ओढतो, तो आपल्याकडे,
आणि त्या ओढाताणीतच दोघं पांघरलेले राहतात.
फार जवळ सरकलं तर कोपर लागतं,
फार लांब, तर मधून वारा शिरतो.
एक अंतर ठरतं. कुणी ठरवत नाही, ठरतं.

"पण एकेकट्याला काय धाड भरते?"

एकटा अणू उंच धारेवर उभा असतो.
जुळला की खाली उतरतो
आणि उतरताना थोडी ऊब टाकून देतो.
ती गेली म्हणूनच तो तिथं टिकतो.
माझी मुलं दर परीक्षेत उलटं लिहितात,
की बंध तुटला की ऊर्जा मिळते.
तुटताना काही मिळत नाही, मावशी.
तोडायलाच द्यावी लागते.

मावशी आरशात बघत राहिली.
"चौदा वर्षं झाली. मी अजून
डाव्याच अर्ध्यात झोपते," म्हणाली.
मग आईकडे वळून,
"मान धरते गं. उशी बदलायला हवी."

आईनं घड्याळ पाहिलं. दोन नंबरची बाटली.
आता सुटलेले गंधक पुन्हा हात शोधतात.
केस वळलाय, जुना शेजारी सरकलाय,
समोर येईल त्याला धरतात.
सगळ्यांनाच कुणी सापडतं असं नाही,
काही तसेच राहतात.
एवढं मात्र मी बोलले नाही.

रोल सुटले. मावशीनं मान हलवून कुरळे पारखले,
नोटा मोजल्या, वर माकुळांची एक पुडी ठेवली.
"तीन महिने," आई म्हणाली.
"मग तुटतं होय ते सगळं?"

नाही, हे आहे तसंच राहतं.
मुळाशी नवे केस येतात, सरळ.
त्यांना यातलं काहीच माहीत नसतं.