आठशे चाळीस खुर्च्या

काल इथे कीटकनाशकांचे विक्रेते होते,
परवा कुणाचं तरी लग्न.
आज मुलं.
मला काय, खुर्च्या तेवढ्याच,
आठशे चाळीस.
गालिच्यावरच्या पिवळ्या फुलाला
पुढचा पाय टेकवून मांडायच्या,
म्हणजे रांग वाकत नाही.

जुलैतलं ऑरलँडो, बाहेरची हवा ओल्या टॉवेलासारखी,
आत मात्र एवढा एसी
की झगमगीत फ्रॉकांवर स्वेटर चढतात
आणि छातीवरचे नंबर झाकले जातात.
"नंबर दिसू दे, बाळा," आया सारख्या बजावतात.

चारशे सतरा ओहायोहून आलाय,
आईबरोबर, गाडीने, सोळा तास.
आई स्कूलबस चालवते. तिनंच सांगितलं,
मी पाण्याचे जग भरत होतो तेव्हा.
छपराची दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलली, म्हणाली
आणि हसली, जणू छप्पर हा विनोद आहे.
मग हळूच,
"तुम्ही दरवर्षी बघता.
निवड होते का हो कुणाची?"

सहा वर्षांत एक मुलगी पाहिली मी,
रात्री दोन वाजता टीव्हीवर,
गादीच्या दुकानाच्या जाहिरातीत उड्या मारताना.
ती इथलीच होती की तिच्यासारखी दुसरी,
शपथेवर नाही सांगता येणार.
"होते कधीकधी," म्हणालो
आणि जग काठोकाठ भरला.

साठ सेकंद एकेकाला.
नसलेल्या वाडग्यातून तेच सीरियल,
तोच घास, तेच "अहाहा".
टेबलामागच्या बाईंची पेन्सिल
दोनशेनंतर हलायची थांबली.
मी त्यांच्या पाठीशी उभा, म्हणून मला दिसलं.
आयांचं लक्ष मुलांकडे.

चारशे सतरा घास तोंडाशी नेऊन
शब्द विसरला.
चमचा तसाच हवेत.
"थँक यू, डिअर."
चारशे अठरा.

संध्याकाळी बर्फाच्या मशीनपाशी तो एकटाच,
बादलीत बर्फ पडायची वाट बघत.
मी नाव विचारलं. वेंडल.
मग काय वाटलं त्याला कुणास ठाऊक,
नसलेला चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला,
वर न बघता म्हणाला, "थँक यू, डिअर,"
आणि त्या बाई तिथे अवतरल्या,
जांभई गिळणाऱ्या जबड्यासकट.
मी हसलो.
मग त्यानं माझी नक्कल केली:
चार खुर्च्यांची चळत, डावा गुडघा,
दर तिसऱ्या पावलाला श्वास.
मी असा लंगडतो,
हे घरातसुद्धा कुणी बोललं नव्हतं.

अकरा वाजता खुर्च्या गोळा करताना
एकीखाली माहितीपत्रक सापडलं, गुळगुळीत कागदाचं.
फेकायला म्हणून उचललं.
चार हजार डॉलर. हप्त्यांची सोय.
माझी मिसलेन सात वर्षांची आहे,
आरशासमोर आजीसारखी रागावते,
अगदी क्रिओलमध्ये, हात कमरेवर ठेवून.

घरी सगळी झोपलेली.
कागद फ्रिजवर ठेवला,
कॉर्नफ्लेक्सच्या डब्याखाली,
थोडासाच बाहेर दिसेल असा.
पुन्हा आत सरकवला.

उद्या दंतवैद्य.
पाचशेच खुर्च्या.