छाट

सोमवारी रात्री अपडेट आलं.
मी मागितलं नव्हतं. ‘आता नको’ दाबलं होतं दोनदा.
सकाळी बघते तर काचेवर
वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ,
ताण्यातला धागा तुटून राहावा तशी.
आमचे हे रात्रपाळीवरून आले.
बावीस वर्षं माग चालवतात,
तुटलेला धागा अंधारातसुद्धा बोटाला सापडतो त्यांच्या.
काचेवरून बोट फिरवलं. म्हणाले,
“गाठ मारायला जागाच नाही की ह्याला,”
आणि गप जेवायला बसले.

दुपारी रेघा चार.
संध्याकाळी सगळंच काळं.

नवी पेठेत सर्व्हिस सेंटर आहे, जिना चढून.
बाहेर चव्वेचाळीस, आत एसी. टोकन एकसष्ट.
बोटांना तंबाखूचा वास येतो माझ्या,
म्हणून पिशवी मांडीवर घेऊन हात तिच्याखाली ठेवले.
काउंटरवरच्या पोराच्या गळ्यात दोरी, दोरीला नाव, मयूरेश.
बिल बघितलं, तारीख बघितली.
“मावशी, नऊ दिवस उशीर झाला.”
“उशीर मी नाही केला, बाळा. फोननं केला.”
तो हसला. मनापासून हसला, त्याचा राग नाही.
मग सांगितले, काचेचे सात हजार आठशे.
फोन अकराचा.
वॉरंटी बारा महिने, हप्ते अठरा.
दुकानात हे गणित कुणी मांडून दाखवलं नव्हतं.
फोन गेला. हप्ता ठणठणीत आहे.

आता मी काय म्हणते ते ऐका, वो.
मी विड्या वळते.
सव्वीस वर्षं झाली, दर काय आहे ते आज बोलत नाही.
ब्रँचमध्ये सूप पुढं केलं की
चेकर सिद्राम एकेक कट्टा कानाशी नेऊन दाबतो.
ही सैल. हिचं तोंड उघडं. ह्या पानाला भोक.
छाट म्हणतो, आणि माझ्यासमोर मोडून टाकतो.
चाळीस गेल्या की चाळीस परत वळायच्या,
पान माझ्यातलं, तंबाखू माझ्यातला,
रात्र तर माझीच.
एका विडीचं आयुष्य किती? चार मिनिटं.
त्या चार मिनिटांसाठी मला कानाशी धरून दाबतात.

तुमच्याकडं नसतो का कुणी सिद्राम?
तुमची छाट कुठं मोडतात?
आमच्या घरात येऊन मोडते ती,
आमच्या उशाशी,
नऊ दिवस थांबून.

लग्नातली एक चादर आहे, मोराची.
चार दिवसांआड पाणी येतं तेव्हा धुते, चोवीस वर्षं.
मोराचा एक डोळा गेलाय. बाकी मोर आहे.
तिच्यासोबत कसलाच कागद आला नव्हता.

पाण्यावरून आठवलं.
पाणी कधी सुटणार ते गल्लीच्या ग्रुपवर कळतं.
बुधवारी पहाटे अडीचला सुटलं,
सव्वातीनला गेलं.
सगळ्यांच्या घागरी भरल्या.
मी झोपले होते,
फोन उशाशीच होता.

मुद्दसरनं गल्लीत खोलून बघितला.
“भाभी, ह्याच्यात पैसे घालू नका.”
मजुरी घेतली नाही. अर्धा कप चहा घेतला.

आता तो माझ्या सुपात असतो.
पंख्यानं पानं उडतात, त्यांच्यावर ठेवते.
वजन चांगलं आहे, खोटं कशाला बोलू.
सवयीनं रात्री चार्जिंगलाही लावते,
आतून जिवंत आहे ना अजून.

आज पाच तारीख.
सकाळपासून तिसऱ्यांदा थरथरला,
खालची पानं सळसळली.
कोण बोलावतंय दिसत नाही,
उचलता येत नाही, गप करता येत नाही.
हप्तावाले असणार.
शेजारची अंबव्वा म्हणते, “अगं, वाजायलाय की तुझा फोन.”
वाजू दे.
मी पान कापते.